राजीखुशीने

आई साड्यांना फॉल-पिको करायची आणि ब्लाउज शिवायची. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी तिचं मशीन आणि शेजारी दोरीवर गिऱ्हाइकांच्या साड्या. मेन रोडवरचा एक दुकानदार तिच्याकडे काम पाठवायचा. पाठवायचा आणि पस्तावायचाही, कारण आईला कुणी काही विचारलं की खोटं सांगता येत नसे. बाई साडी न्यायला यायची, सहज म्हणायची, "रंग जाणार नाही ना हो?" आई मशीन थांबवून सांगायची, "जाईल. पहिल्या धुण्यात वेगळी भिजवा." दुकानदाराने तिकडे छातीठोकपणे गॅरंटी दिलेली असायची. मग त्याचा फोन यायचा. "ताई, तुम्ही फॉल लावा, साडीबद्दल बोलू नका." आईचं उत्तर ठरलेलं होतं. "तिनं इचारलं म्हनून बोलले. नसतं इचारलं तर कशाला बोलू?"

आपणहून ती कुणाचं काही उकरायला जात नसे. पण विचारलंत, तर खरं ऐकायची तयारी ठेवा. या एका सवयीपायी आमचे किती नातेवाईक आमच्याकडे जेवायला यायचे बंद झाले, ते सांगत बसत नाही. वडील सातपूरला कंपनीत होते. ते म्हणायचे, "तुझ्या आईला कसं दिसतंय विचारायचं असेल, तर आधी मन घट्ट करायचं." मीही काही मऊ स्वभावाची नाही. आमच्या दोघींच्या भांडणात ते पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे.

शिवणकामातला एक शब्द मला फार आवडतो. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस जाड झालं तर ब्लाउज उसवून सैल करता यावा म्हणून ती ठेवायची. माझे ब्लाउज शिवताना आई हमखास शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, "हिच्या बाहीला माया जास्त सोडावी लागती. खाती लय." मी चिडायचे. ती दोन्ही बाजूंनी भरपूर माया सोडायची आणि पुढच्या वर्षी तीच उसवत बसायची.

एकदा मागच्या गल्लीतली एक बाई घाईघाईने नवी हिरवी साडी घेऊन आली. तिची नणंद वारली होती. आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेराहून येते. भावाने ती आणायची. जुन्या बायका तिला अजून लुगडंच म्हणतात. ही बाई ती साडी फॉल लावायला घेऊन आली होती. बिचारीला सुचत नव्हतं, नवी साडी आणली की फॉल लावायचा, एवढंच हाताला ठाऊक. आईने तिला पाणी दिलं, साडीची घडी नीट केली आणि परत दिली. "मयताच्या साडीला फॉल लावत नाहीत, ताई. चालताना काठ जमिनीला घासू नये म्हनून फॉल असतो. न्या तशीच."

मी अभ्यास करत बसले होते. ते वाक्य कानावर पडलं आणि राहिलं.

आईचं माहेर गंगापूरच्या वाटेवर. आता तिथे दोन्ही बाजूंनी इमारती उठल्या आहेत, पण मामाचं शेत अजून आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, कडेला मेथी-कोथिंबीर. आई आणि मामा अशी दोघंच भावंडं. आई थोरली. मामा तिला आक्का म्हणायचा. मामा शाळेत जायचा तेव्हा आई फुलं तोडायची, आणि मामा परत आला की तो काय काय शिकला ते त्याला म्हणून दाखवायला लावायची. दिवाळीच्या फुलांची घाई संपली की मामा भाऊबीजेला मोटारसायकलवर यायचा, मागे टोपलीभर शेवंती बांधून. दारातूनच ओरडायचा, "आक्का, भूक लागली." आई लगबगीने उठायची. तिला इतकी लगबग करताना मी एरवी पाहिलं नाही.

आजोबा गेले. रीतीप्रमाणे सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागली. आणि रीतीप्रमाणेच मामाने निरोप पाठवला की हक्कसोड करून टाकू. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहीण भावाला सोडून देते आणि तसं लिहून देते, त्याला हक्कसोड म्हणतात. आमच्या भागात हे इतकं सर्रास चालतं की बहिणीला विचारतही नाहीत, तारीख कळवतात. सही झाली की भाऊ साडी-चोळी करतो, घरी गोडधोड होतं, माहेर शाबूत राहतं.

मी तेव्हा नुकतीच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागले होते. कायदा तोंडपाठ होता. मी आईला म्हटलं, सही करू नकोस, मुलीचा समान हक्क आहे. आईने मला उडवून लावलं. "मला जमिनीचं सांगू नको. जो कसतो, त्यानंच ठेवावी. मी काय तिथं झेंडू लावाया जाणार हाय?" ती अगदी आनंदाने निघाली होती. नवं पातळ नेसली, मामासाठी डब्यात चिवडा घेतला. मीही बरोबर गेले, तिच्या मनाविरुद्ध, चार कायदेशीर गोष्टी सुनवायच्या तयारीने.

आम्ही आधी मामाकडे गेलो. तिथून सगळे मिळून रजिस्ट्रार ऑफिसला जायचं होतं. मामीने पोहे दिले. मामा सकाळपासून बावरलेला दिसत होता. त्याच्या गावातल्या लोकांनी त्याचे कान भरले होते की बहिणी ऐनवेळी फिरतात, शहरातली बहीण तर हमखास, शिवाय भाची शिकलेली. मी शेजारी बसलेली पाहून त्याची खात्रीच पटली असणार. पोह्यांची बशी खाली ठेवून तो आईला म्हणाला, "आक्का, एक सांगून ठेवतो. आज सही झाली नाय, तर या घराचं दार तुला बंद. आन उद्या तुझं काय बरंवाईट झालं, तर लुगडं घिऊन कुनी येनार नाय."

तो हे हसत म्हणाला की गंभीरपणे, यावर मामीचं आणि माझं नंतर एकमत कधी झालं नाही. मला वाटतं अर्धं हसत म्हणाला. पण म्हणाला. आईने हातातला घास खाल्ला, हात धुतले आणि रिक्षात जाऊन बसली.

ऑफिसात गर्दी होती. ओळीने बसलेल्या बायकांत डोक्यावर पदर घेतलेल्या, दागिने घातलेल्या बऱ्याच होत्या, प्रत्येकीजवळ कुणीतरी पुरुष कागदांची पिशवी घेऊन उभा. आमचा नंबर आला. मामाने ठरवलेल्या वकिलाने सही घेण्याआधी मजकूर वाचून दाखवला. तो भराभर वाचत होता. रोजचंच काम. "सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क मी माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता..."

"थांबा," आई म्हणाली.

वकील थांबला.

"अक्कलहुशारी राहू द्या. राजीखुशी काढा."

वकिलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा वाचलं. आई म्हणाली, "ते खरं नाय. घरून निघाले तेव्हा राजीखुशीनं निघाले हुते. आता नाय. आता भ्यानं करते. तसं लिव्हा, भावाच्या भ्यानं सोडते. लगेच सही करते."

मामाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आक्का, शब्दच हाय तो. सगळ्यांच्या कागदात असतो." वकील समजुतीने म्हणाला, बाई, हा मजकूर ठरलेला असतो, तो काढला तर दस्तच होणार नाही. रजिस्ट्रार साहेब विचारतील, खुशीने करताय ना, तेव्हा नुसतं हो म्हणा.

"ते इचारतील?" आईने विचारलं.

"विचारावंच लागतं."

"मग तर झालंच," आई म्हणाली आणि उठली.

जाताना ती मामाजवळ थांबली. "जमीन तुझीच हाय. कसत राहा. मी एक दाणा मागनार नाय. इकायची झाली तर सांग, तिथं सही देते. पन हे मला लिव्हता येनार नाय." मामा भिंतीकडे बघत होता. चिवड्याचा डबा आम्ही परत घरी आणला.

मी रिक्षात तिच्यावर खूश होते. मला वाटलं, अखेर हिने हक्क राखला. तसं म्हणालेही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या मामालाबी हेच वाटतंय, मी जमीन राखली. तुम्ही दोघं सारखेच." मग तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि घर येईपर्यंत रडली.

त्यानंतर मामा आला नाही. ना भाऊबीजेला, ना माझ्या लग्नात. लग्नात मामाच्या जागी वडिलांचे एक मित्र उभे राहिले. आईने मंडपात एकदाही दाराकडे पाहिलं नाही, म्हणजे सारखं तिकडेच लक्ष होतं. मामाने तिला जमिनीचं काही कधी विचारलं नाही, विकायची वेळ आली असेल तरी सही मागितली नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं एकाखाली एक तशीच राहिली. घरं मात्र तुटली.

मला भाऊ नाही. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. मी लहानपणापासून गच्चीवर जाऊन ओवाळायचे, आई खाली मामाला. आता तीही तबक घेऊन माझ्याबरोबर गच्चीवर यायला लागली. पहिल्या वर्षी शेजारच्या काकू ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "भाऊ जिवंत असून चंद्राला ओवाळायचं म्हणजे कमालच." आई म्हणाली, "खरंय. कमालच हाय." आईने ओवाळलं, तबकातली सुपारी नीट ठेवली आणि आभाळाकडे बघत म्हणाली, "यंदा शेवंतीला भाव बरा असंल."

कॉलेजात मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना एक प्रश्न विचारते. कशासाठी तुम्ही सगळं पणाला लावाल? देश म्हणतात, आईवडील म्हणतात, एखादा हळूच प्रेम म्हणतो आणि मागचा बाक हसतो. मग मी मोठमोठी उदाहरणं देते. फाशी, तुरुंग, उपोषण. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्या ओळखीत कुणी आहे का असं?" मी आईचं सांगायला गेले आणि अडखळले. काय सांगणार? एका शब्दासाठी माहेर घालवलं? तोही छापील शब्द, जो कुणी वाचत नाही? मुलीने वाट पाहिली. मी म्हटलं, आहे, पण सांगायला वेळ लागेल, आणि तास संपला.

खरं सांगायचं तर कित्येक वर्षं मला आईचा राग येत होता. जमिनीसाठी भांडली असती तर समजलं असतं. भावासाठी सही केली असती तरी समजलं असतं. हिने जमीनही घेतली नाही आणि भाऊही ठेवला नाही. एकदा चिडून मी विचारलं, "काय मिळालं गं तुला?" ती पिको करत होती. मान वर न करता म्हणाली, "तो मला भीती घालाया लागला, तेव्हा मी भ्याले. ते खरं हुतं. मी राजीखुशीनं म्हनून लिव्हून दिलं असतं, तर त्याला जन्मभर वाटलं असतं की त्यानं काय केलंच नाय. मग आमच्यात उरलं काय असतं? नुसता चिवडा."

हे बोलणं मला पुरतं पटलं असं नाही. पण पुन्हा विचारलं नाही.

गेल्या काही वर्षांत तिची तब्येत ढासळत गेली. हृदयाचं दुखणं. मशीन बंद झालं, तरी हाताने थोडंफार शिवायची. एक दिवस तिने मला कपाट उघडायला लावलं. खालच्या कप्प्यात कापडी पिशवीत बांधलेली एक हिरवी साडी होती. पिशवी वरून शिवून टाकलेली. "माझ्या कामाच्या पैशातून घेतलीय," ती म्हणाली. "मामानं लुगडं आणलं तर आणलं. नाय आणलं, तर ही हाय. लोकांत तुझी पंचाईत नको."

मी म्हटलं, "तो कसला आणतोय."

"मी काय म्हनले? आणलं तर आणलं." आणि पिशवी परत ठेवायला लावली. "आधी उघडू नको. इस्त्री मोडंल."

ती सकाळी गेली, चहा व्हायच्या आत. तिच्या दुखण्यासाठी मी तेव्हा सासरहून तिच्याजवळ राहायला आले होते. वडिलांनी मला हाक मारली तेव्हा त्यांच्या हातात तिची कपबशी होती. ते दिवसभर ती धरूनच बसले. मी सगळ्यांना फोन केले. मामाला करू की नको, यात वेळ घालवला नाही. केला. मी म्हटलं, आई गेली. पलीकडून "बरं" एवढंच, आणि फोन बंद.

बायका जमल्या. अंघोळ घातली. मग सगळ्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. कुणी तोंडाने विचारेना. शेवटी एक वयस्कर बाई म्हणाल्या, "माहेरचं कुणी येनार हाय का, बाई? का करायचं आपलं?" शेजारच्या काकूंनी मान खाली घातली. आईची ही वेळ यावी आणि ती अशी, नुसत्या चादरीखाली वाट बघत पडलेली असावी, याचा मला संताप आला. मामावर, त्या वकिलावर, आईवरसुद्धा. एक शब्द, आई. एक शब्द गिळला असतास तर आज दारात भाऊ उभा असता. मी कपाट उघडलं, पिशवी काढली आणि शिवण तोडायला कात्री शोधू लागले.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

मामा उंबऱ्यापाशी उभा होता. डोक्यावर टोपी, हातात मेन रोडच्या दुकानाची पिशवी, केस पार पांढरे. आत ये म्हणायला कुणी पुढे झालं नाही, आणि तोही न बोलावता आत येईना. मी समोर गेले. मला त्याला पुष्कळ बोलायचं होतं. वर्षानुवर्षं मनात रचून ठेवलेलं सगळं. त्याने पिशवी माझ्या हातात दिली नाही. तो आईजवळ गेला, गुडघे टेकून बसला, पिशवीतून हिरवी साडी काढली आणि तिच्या पायांवर ठेवली.

"आक्का," तो म्हणाला, "राजीखुशीनं आणलंय. कुनी सांगितलं नाय."

मग तो तिथेच, बायकांसमोर, ओरडून रडला. माझं बोलायचं राहून गेलं. वडील उठून त्याच्याजवळ जाऊन बसले, कपबशी हातात तशीच.

आईला मामाची साडी नेसवली. अमरधामच्या स्मशानात नेताना तो पुढे होता.

दहाव्यानंतर मी कपाट आवरायला घेतलं. ती कापडी पिशवी मी घाईत मशीनवर टाकली होती, ती तशीच होती. शिवण उसवली. साडी बाहेर काढली, आणि काठ उलटा करून पाहिला, का ते सांगता येणार नाही, या घरात वाढल्याने हात आपोआप तिकडे जातो. फॉल लावलेला होता. हाताने, बारीक, सारख्या टाक्यांनी. पदराला पिको.

मी खाली बसले. मयताच्या साडीला फॉल लावत नाहीत, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. ती विसरली असेल, हे शक्य नाही. म्हणजे ही साडी तिने स्वतःसाठी घेतलीच नव्हती. मामा येणार, याची तिला खात्री होती. दार बंद झालं त्या दिवसापासून असेल, नाहीतर मधे कधीतरी झाली असेल. ते मला कळायचा मार्ग आता नाही. आणि तरीही प्रत्येक भाऊबीजेला तिने चंद्राला ओवाळलं, कारण भाऊ आला नव्हता, आणि आला नव्हता हे खरं होतं.

मग साडी तिने कुणासाठी घेतली, हा प्रश्न मी स्वतःला विचारत होते तोच घडीतून ब्लाउज खाली पडला. मला भाऊ नाही. माझं माहेर म्हणजे आई होती आणि खिडकीजवळचं हे मशीन. मी ब्लाउज उचलला आणि अंगाला लावून पाहिला. माझ्याच मापाचा होता. बाह्या आत वळवून पाहिल्या. तिने दोन्ही बाजूंनी भरपूर माया सोडली होती.